ऊर्जा कार्यक्षमतेचा ठोकताळा

पुरविलेल्या ऊर्जेपैकी जितकी ऊर्जा प्रत्यक्ष कामी येते, ते प्रमाण म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता. हवामानबदलावरील कोणत्याही तंत्राचा कस प्रथम याच मापाने लागतो.

भुसावळजवळील दीपनगर औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. अशा संचात कोळशातील १०० भाग उष्णतेपैकी ढोबळमानाने ३६ भागांचीच वीज होते. वहन व वितरणातील गळती १५ टक्के धरल्यास जळगावच्या पिंप्राळा उपनगरातील घरापर्यंत ३० भाग पोहोचतात. जुना पिवळा बल्ब त्यातून जेमतेम दीड भाग प्रकाश देतो, एलईडी दिवा सुमारे १० भाग. बाकीची उष्णता होऊन वाया जाते.

६० वॉटच्या बल्बऐवजी साधारण तितकाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावल्यास वर्षाला सुमारे ९३ युनिट वीज वाचते. प्रतियुनिट ७०० ग्रॅम कोळसा धरल्यास, गळतीसह ही बचत पाऊण क्विंटल कोळशाची होते.

संच, कोळशाची प्रत व वाहिन्यांनुसार हे आकडे बदलतात. मात्र घरात वाचलेले एक युनिट कोळशातील तीन युनिटांहून अधिक उष्णता वाचविते, हा ठोकताळा कायम राहतो.