पेटीच्या पट्ट्या आणि गायकाचा गळा

वाद्य सुरेल आहे कीं नाहीं हें आपण कानानें ठरवितों. परंतु कोणते सूर निघूं शकतील हें कानापूर्वीं वाद्याच्या मांडणीनें ठरविलेलें असतें. आपल्या पेटीचा इतिहास याची साक्ष देतो.

युरोपांतून पेटी आली ती सप्तकाचे बारा समान भाग घेऊन. नैसर्गिक शुद्ध गंधाराहून तिचा गंधार सुमारें १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका, चढा लागतो. आणि गळ्याची मींड तर पट्टीस साधतच नाहीं. कृष्णाजी बल्लाळ देवल व क्लेमंट्स यांनीं १९११ च्या सुमारास श्रुतींची पेटी सिद्ध केली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत तिच्यावर वाद झडला. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनीं ज्या वाद्यास मैफलींत मान मिळवून दिला, त्यास १९४० सालीं रेडिओवर मज्जाव झाला. ती बंदी १९७१ पासून सैल होऊं लागली. आमच्या शेवगांवकडील भजनांतून मात्र पेटी हटली नाहीं. कारण उघड आहे: नवशिक्याच्या बोटासही तिच्यावर सूर तात्काळ सांपडतो.

हाच पेंच संगणकयुगांत पुन्हां उभा राहिला. १९८३ सालीं विद्युत्-वाद्यांची समाईक भाषा, मिडी, प्रचारांत आली. तींत सुरांस ० ते १२७ असे क्रमांक आहेत, आणि सप्तकास पुन्हां बाराच! त्याच वर्षींच्या यामाहा डीएक्स-७ या वाद्यांत आवाज घडविण्याचीं मापें शंभराहून अधिक, पण तीं पाहावयास दोन ओळींची चिमुकली पट्टी. सारीं मापें एकत्र दाखविणाऱ्या संगणकीय प्रणालींची गरज त्यांतूनच भासली.

ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांच्या पेटीनें या पेंचास मार्मिक उत्तर दिलें आहे. षड्ज व पंचम अचल, उरलेल्या दहा पट्ट्यांस प्रत्येकीं दोन श्रुती, एकूण बावीस. रागास योग्य ती श्रुती खुंटी ओढून वा ढकलून आधींच निवडावयाची. मग बोटें सरावाप्रमाणेंच चालतात.

संगीताचीं साधनें रचणाऱ्यांनीं हा धडा ध्यानीं घ्यावा. केवळ सोय पाहिली तर सूर हरवतो. केवळ सूक्ष्मता पाहिली तर वादकाचा हात अडखळतो. सूक्ष्म निवड वादनापूर्वीं व्हावी आणि वादनाच्या वेळीं हात मोकळा राहावा, अशी मांडणीच कलेस उपकारक होय.