इंटरकूलर : टर्बो गाडीतील बदल

टर्बोचार्जरने दाबलेली हवा तापते. ती इंजिनात शिरण्याआधी निववणारे जाळीदार उपकरण म्हणजे इंटरकूलर. टर्बोपासून इनटेक मॅनिफोल्डपर्यंतच्या पायपिंगमध्ये ते बसवलेले असते. रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले (ईसीयू) प्रोग्रॅमिंग बदलून, बूस्ट (टर्बोचा दाब) चढवला की कंपनीचा इंटरकूलर अपुरा पडू शकतो आणि मोठा घालण्याचा विषय निघतो. नांदेड-लातूरकडे हा विषय पुण्या-मुंबईपेक्षा अधिक अडचणीचा, कारण इंटरकूलर ज्या हवेवर थंड व्हायचा ती उन्हाळ्यात मुळातच तापलेली असते.

ट्रकवाल्यांना ही वस्तू जुनीच. टाटाच्या 697 इंजिनापुढची ‘टीसीआयसी’ ही अक्षरे टर्बो आणि इंटरकूलर दोन्ही असल्याचे सांगतात. खासगी गाड्यांत मात्र तिची चर्चा बहुधा रिमॅपनंतरच होते.

थोडी आकडेमोड केल्याशिवाय या बदलाचा खरा नफा कळत नाही. बाहेर 40 अंश तापमान आहे, टर्बो हवेचा दाब दुप्पट करतो आणि त्याच्या कंप्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के आहे असे धरले, तर टर्बोतून निघणारी हवा सुमारे 138 अंशांची असते. ती तशीच सिलिंडरात गेली तर पेट्रोल इंजिन नॉक करू लागते, डिझेलमध्ये एक्झॉस्टचे तापमान चढते. ईसीयू हे ओळखून इग्निशन मागे घेतो किंवा इंधन आणि बूस्ट कापतो. ‘दुपारची गाडी ओढत नाही’ या तक्रारीचे हे एक कारण. आता साधा इंटरकूलर 138 आणि 40 यांच्यातल्या फरकापैकी 70 टक्के उतरवत असेल, तर हवा 69 अंशांवर येते. 85 टक्के उतरवणारा मोठा इंटरकूलर तिला 55 पर्यंत आणतो. चौदा-पंधरा अंश ऐकायला भरघोस वाटतात, पण हवेच्या घनतेत त्यांची वाढ साडेचार टक्क्यांच्या आसपासच भरते. त्यात जाड कोअर (इंटरकूलरचा जाळीदार गाभा) आणि लांबलेले पायपिंग यांमुळे दाब पूर्वीपेक्षा दीड पीएसआयने जास्त पडला, तर ही कमाई तिथल्या तिथे संपते. विकणारा कोअरची जाडी आवर्जून सांगतो. दाब किती पडतो हे विचारल्याशिवाय सांगत नाही.

लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे 630 मीटरवर, गोदाकाठचे नांदेड सुमारे 360 मीटरवर. लातूरला हवा विरळ, त्यामुळे तितकाच दाब गाठायला टर्बोला जास्त फिरावे लागते. नांदेडला हवा जरा दाट, पण ऊन अधिक कडक. कुठल्याही गावी हवेवर चालणारा इंटरकूलर आतली हवा बाहेरच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. इंटरकूलरवर पाणी फवारण्याचा उपाय शर्यतीच्या गाड्यांत चालतो. ज्या लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे तो कोणी सुचवू नये.

खरा फरक जागेने पडतो. नाशिकला बनणाऱ्या स्कॉर्पिओच्या एमहॉक आवृत्तीत आणि पहिल्या पिढीच्या 3.0 फॉर्च्युनरमध्ये इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर असतो आणि बॉनेटवरच्या स्कूपमधून त्याला हवा मिळते. लातूर-चाकूर-अहमदपूर-लोहा-नांदेड या राष्ट्रीय महामार्ग 361 च्या पट्ट्यात गाळप हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली, की स्कूपमधून हवा जवळजवळ येत नाही आणि खालून इंजिनाची धग मात्र चालू राहते. रस्ता मोकळा दिसताच चालक ओव्हरटेकसाठी पेडल दाबतो, आणि नेमकी त्याच वेळी आतली हवा सर्वांत तापलेली असते. बंपरमागे, समोर बसवलेला इंटरकूलर या त्रासातून सुटतो. पण तो एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यापुढे येतो आणि त्यांची हवा अडवतो. मे महिन्यात नांदेडला एसी मंदावून चार घोडे जास्त मिळवण्यात शहाणपण नाही. बंपरच्या मोकळ्या भागात मावेल एवढाच कोअर घ्यावा. बार-प्लेट प्रकारचा कोअर जड असतो आणि खडे सोसतो, पण एकदा तापला की निवायला वेळ लावतो. ट्यूब-फिनचा हलका आणि लवकर निवणारा.

सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत भुसकट आणि काळ्या रानाची धूळ फिनांमध्ये घट्ट बसते. ती मागच्या बाजूने हलक्या पाण्याने धुवावी. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने फिना वाकतात आणि हवेची वाट कायमची अडते. नवा इंटरकूलर मागवण्याआधी जुना धुऊन बघावा, शिवाय गळती शोधण्यासाठी पायपिंगमध्ये गॅरेजच्या कंप्रेसरची हवा भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. चिरलेला होज किंवा सैल क्लॅम्प निघाला तर खर्च काहीशे रुपयांत आटोपतो.

चाकणला बनणाऱ्या कुशाक आणि टायगुनच्या टीएसआय इंजिनांत इंटरकूलर मॅनिफोल्डमध्येच असतो आणि तो पाण्यावर चालतो. तिथे बंपरमागे नवा डबा टांगण्याचा प्रश्न येत नाही. पाण्याचा पंप आणि पुढचा छोटा रेडिएटर यांकडे बघावे लागते.

टर्बो फुटून बदलला असेल तर इंटरकूलर उतरवून आतले तेल आणि धातूचे कण काढणे आवश्यक असते. डिझेल गाडीत साठलेले तेल इंजिनाने ओढले तर चावी बंद करूनही इंजिन बेफाम फिरत राहू शकते. इंटरकूलर केरोसीनने धुतल्यानंतर ते आत उरले तरी तोच धोका असतो.

कायद्याची बाजू गॅरेजमध्ये क्वचितच बोलली जाते. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार वाहनात निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हा अर्थ पक्का केला. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये अशा बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. लातूरची एमएच 24 असो वा नांदेडची एमएच 26, नोंदणीपुस्तकात इंटरकूलरचा रकाना नसतो. कापलेला बंपर मात्र विम्याच्या सर्व्हेअरला लांबूनच दिसतो.