एसटीचा फाटा आणि नाणेघाटाची वाट

सह्याद्रीतल्या घाटवाटांवर लिहिणारे हल्ली बहुतेक जण 'गाडी कुठे लावायची' इथूनच सुरुवात करतात. ज्यांच्याकडे गाडीच नाही, त्यांनी काय करायचे? माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुले अशाच घरांतली आहेत. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाचे रिक्षावर. या मुलांना सातवाहन शिकवायचे तर पुस्तकातला अर्ध्या पानाचा धडा आहे, आणि दुसरे साधन म्हणजे कल्याणच्या स्टँडवरून सुटणारी एसटी. मला दुसरे जास्त भरवशाचे वाटते.

कल्याणहून मुरबाड, टोकावडेमार्गे माळशेज घाटाकडे जाणारी कुठलीही गाडी चालते. जुन्नरची किंवा नगरची. साधारण 60 किलोमीटरवर वैशाखरे गाव लागते, आणि त्याच्या जरा पुढे नाणेघाटाची वाट डावे-उजवे न करता सरळ डोंगराच्या दिशेने निघते. वाहकाला आधी सांगून ठेवायचे, तो फाट्यावर उतरवतो. तिथून घाटमाथा दोन ते तीन तासांचा. वर पोचल्यावर परत खाली उतरायची सक्ती नाही. माथ्यावरच्या घाटघरहून जुन्नरला जाता येते, आणि जुन्नरच्या स्टँडवर परतीची गाडी मिळते. एका घाटाने चढावे आणि दुसऱ्या बाजूने निघून जावे, ही सोय गाडीवाल्याला नाही. त्याची गाडी पायथ्याशी उभी असते, त्याला तिथेच परतावे लागते. मुळात घाट हा वर जाऊन खाली येण्यासाठी नव्हताच. तो पलीकडे जाण्यासाठी होता.

पलीकडे म्हणजे जुन्नर, आणि तिथून पुढे पैठण. अलीकडे म्हणजे कल्याण आणि सोपारा ही बंदरे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणात, ज्याला 'पेरिप्लस' म्हणतात, कल्याणचे नाव आहे, पैठणचेही आहे. कल्याणच्या बंदरात येणारी ग्रीक जहाजे अडवून पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी तक्रारही त्यात आहे. म्हणजे सत्तेची भांडणे आणि त्यात भरडणारा व्यापारी, हे तेव्हाही होतेच.

घाटाच्या शेवटच्या टप्प्यात फरसबंदी लागते आणि माथ्याजवळ डोंगर चिरून काढलेली नळी. तिच्या अलीकडे एक मोठी गुहा आहे. आत डाव्या आणि उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लेख कोरलेला आहे. तो सातकर्णीची राणी नागनिका हिचा मानला जातो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1828 मध्ये तो पाहिला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातले आकडे उलगडले आणि 1883 मध्ये ब्यूलरने वाचन छापले. लेखात यज्ञांची यादी आहे, अश्वमेध आहे, राजसूय आहे, आणि प्रत्येक यज्ञात किती गायी, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण नाणी दिली याचा हिशेब आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता फक्त पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे उरली आहेत. सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार हकुसिरी. माणसे गेली, नावाच्या पाट्या राहिल्या.

मुलांना यात सगळ्यात आवडतात ते आकडे. 24,400 ही संख्या तिथे आहे, पण ती आपल्यासारखी लिहिलेली नाही. शून्य नाही, स्थानाची किंमत नाही. हजारासाठी वेगळी खूण, तिला वीस जोडायचे, मग चार जोडायचे, मग शंभराची खूण. उर्दू माध्यमातल्या मुलांना हे चटकन कळते. त्यांना आधीच ठाऊक असते की अक्षरे उजवीकडून डावीकडे आणि आकडे डावीकडून उजवीकडे लिहायचे असतात. लिहिण्याच्या एकाहून जास्त पद्धती असतात, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

नळीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे सगळे सांगतात. लेखात रांजणाचा उल्लेख नाही, त्यामुळे मी मुलांना 'लोक असे सांगतात' एवढेच सांगते. जकात मात्र असणारच. इतकी रुंद वाट, पाण्याची इतकी टाकी आणि गुहा कोणी पुण्य म्हणून खोदत नाही.

आता जुन्नरकडे. गावाभोवतीच्या डोंगरांत शेकडो लेणी आहेत आणि त्यांतल्या दानलेखांत राजे कमी, कामकरी-व्यापारी जास्त. धान्य विकणाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी, बांबूचे काम करणाऱ्यांची श्रेणी. आणि तीन दाते स्वतःला 'यवन' म्हणवतात. इरिल, चिट आणि चंद. एकाने पाण्याची टाकी दिली, एकाने भोजनगृह. हे यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेले, ग्रीक म्हणा वा त्यांच्याशी जोडलेले; त्यांनी बौद्ध भिक्खूंसाठी दान दिले. हाच शब्द पुढे बखरींत मुसलमानांसाठी वापरला गेला आणि त्याला कडवटपणा चिकटला. माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले होते, "टीचर, मग आधीचे यवन कुठे गेले?" मी त्याला लेण्यातले टाके दाखवले. पाणी अजून आहे.

घोड्याच्या व्यापाराने याच जुन्नरात रशियाचा एक मुसाफिर आणून सोडला. अफनासी निकितिन, त्वेर शहराचा सौदागर. 1469 च्या सुमारास तो चौलला उतरला आणि पालीमार्गे सह्याद्री चढून जुन्नरला आला. बरोबर एक घोडा, विकण्यासाठी. पावसाळा त्याने जुन्नरात काढला आणि चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, असे लिहून ठेवले. तिथल्या असदखानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदल तरच देतो, अशी अट घातली. निकितिन अडला. त्याला सोडवले ते खुरासानहून आलेल्या एका ख्वाजा मुहंमदाने. खानाकडे रदबदली करून त्याने घोडा परत मिळवून दिला, धर्माची अटही गेली. जुलूम करणारा मुसलमान आणि वाचवणाराही मुसलमान. ही गोष्ट मी दोन्ही बाजूंसकट सांगते. अर्धी सांगणारे दोन्हीकडे पुष्कळ आहेत.

जुन्नरचा पुढचा इतिहास तर याच मातीत रुजला आहे. 1490 मध्ये मलिक अहमदने बहमनींपासून वेगळे होऊन निजामशाही उभी केली ती जुन्नरहून, नगर नंतरचे. मलिक अंबरच्या काळात निजामशाहीचा कारभार काही वर्षे पुन्हा जुन्नरातून चालला. नाणेघाटाच्या शेजारीच जीवधन किल्ला आहे. 1633 मध्ये दौलताबाद पडल्यावर निजामशाही घराण्यातले एक मूल शहाजीराजांनी या जीवधनवरून नेले, पेमगिरीला गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे मोगलांशी लढा दिला. बुडालेली शाही वाचवायला झटणारा शेवटचा माणूस मराठा होता. त्याच्या आधी तीनच वर्षे, 19 फेब्रुवारी 1630 ला, समोरच्या शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला होता.

शिवनेरीला जायला जुन्नर स्टँडवरून पायी गेले तरी चालते. गडावर जन्मस्थान पाहून झाले की कमानी मशिदीकडे जरूर जा. दोन मिनारांना जोडणारी एकच उंच कमान, आणि खाली पाण्याचे टाके. माथ्यावर ईदगाहही आहे. गावाबाहेर हापूसबागेत सौदागर घुमट आहे. नावात राजा नाही, सौदागर आहे, आणि जुन्नरला तेच शोभते. इथला जुन्नरी कागद दफ्तरांमध्ये वापरात होता. तो बनवणारे कागदी बहुतेक मुसलमान. मराठेशाहीच्या कितीतरी हिशेबांखालचा कागद त्यांच्या हातचा.

घाट मेला तो तलवारीने नाही, चाकाने. नाणेघाट बैलांच्या पाठीवरच्या मालासाठी होता. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, 1863 मध्ये तिथून रेल्वे चढली आणि दोनच वर्षांनी थळघाटातून. ज्या घाटातून चाक जात नाही, तिथून मालही जाईनासा झाला. मोटारीचा रस्ता आला तोही शेजारच्या माळशेजमधून.

1 जून 1948 ला पहिली एसटी पुणे ते नगर धावली. त्यानंतर 'गाव तिथे एसटी' म्हणत लाल गाडी घाटघरसारख्या डोंगराच्या कडेच्या गावांपर्यंत गेली. या गाड्या ट्रेकरसाठी नाहीत. त्या दूध, शाळकरी मुले, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे यांच्यासाठी आहेत. आपण त्यांत फक्त चढतो. 2021-22 च्या संपात त्या कित्येक महिने थांबल्या, तेव्हा शहरातल्या भटक्यांचा एक मोसम गेला, आणि वरच्या मुलांच्या शाळा तुटल्या. संपानंतर आडगावच्या फेऱ्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, असे फाट्यावर गाडीची वाट पाहणारा कुणीही सांगतो. म्हणून निघण्याआधी चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्या, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ दोनदा विचारा.

एक बदल चांगला झाला. मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. त्या वर्षीच्या सहलीला मुलींसोबत चार आया आल्या. एक जण बुरखा कमरेला खोचून सगळ्यांच्या पुढे चढत होती. गुहेत पोचल्यावर तिने देवी नागनिकेच्या नावाखालचे रिकामे पाय पाहिले आणि विचारले, "हिसाब लिखनेवाली यही?" मी हो म्हटले. तिने लेकीला भिंतीजवळ ओढले आणि 24,400 कुठे आहे ते शोधायला लावले.