रोजच्या व्यवहारातील रवादारी

मराठीत ज्याला आपण सहिष्णुता म्हणतो, त्याला उर्दूत रवादारी असा शब्द आहे. 'रवा' म्हणजे उचित, चालण्याजोगे. दुसऱ्याची रीत आपली नसली तरी ती चालण्याजोगी मानणे, ही रवादारी. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलांना इतिहास शिकवतो. मुलांच्या लक्षात राहतात त्या लढाया आणि सनावळ्या. लढाया झाल्या, प्रार्थनास्थळे पाडली गेली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दोन लढायांच्या मधल्या काळात माणसे एकमेकांशी कशी वागत होती, तेही सांगितले पाहिजे. आपल्या दख्खनच्या इतिहासात त्याचे पुरावे आहेत.

पहिला पुरावा हिशोबाच्या वहीतला आहे. विजापूरचा पहिला इब्राहीम आदिलशाह (कारकीर्द १५३४ ते १५५८) याने महसुलाच्या हिशोबातून फारसी काढून देशी भाषा आणली, असे फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवले आहे. मराठी मुलखात ती भाषा मराठी होती. परदेशी सरदारांचा जोर मोडण्याचा हेतूही त्यामागे होता. तेव्हा हा निव्वळ उदारपणा म्हणता येणार नाही. तरीही सुलतानाचा धर्म एक आणि त्याच्या दफ्तराची भाषा रयतेची, ही गोष्ट त्या राज्यात चालून गेली. ब्राह्मण कारकून आदिलशाही दफ्तरात बसले आणि 'दफ्तर', 'हिशोब', 'अर्ज', 'फिर्याद' हे शब्द मराठीत कायमचे राहिले.

दुसरा पुरावा पाळण्यातला आहे. मालोजी राजे भोसले यांनी अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) शाह शरीफ या पीराला नवस केला आणि मुले झाल्यावर त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. याच मालोजींनी शेख महंमद यांना गुरू मानले आणि चांभारगोंद्याला, म्हणजे आजच्या श्रीगोंद्याला, त्यांच्यासाठी मठ बांधून दिला, अशीही परंपरा आहे. शेख महंमदांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत ओवीबद्ध लिहिला. जन्माने मुसलमान असलेल्या या संताला वारकऱ्यांनी आपला मानले. त्यांच्या समाधिस्थानाला मंदिर म्हणावे की दर्गा, यावरून २०२५ मध्ये श्रीगोंद्यात वाद पेटला, याचे म्हणूनच अधिक दुःख होते.

रवादारी म्हणजे गप्प बसणे, असा एक गैरसमज आहे. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यात दोघे एकमेकांच्या देवाधर्माची उणीदुणी काढतात, टोमणे मारतात, कोणीही हातचे राखून बोलत नाही. शेवटी मात्र दोघे एकमेकांना आलिंगन देतात. असे भांडण ज्या समाजात लिहिले आणि गायले गेले, तिथे माणसे एकमेकांच्या धर्माविषयी समोरासमोर बोलत असली पाहिजेत, असे आम्हांला वाटते. आज आपण एकमेकांविषयी पुष्कळ बोलतो, पण ते आपापल्या घरात आणि आपापल्या माणसांत.

आणखी एक साक्ष खाफीखानाची आहे. हा मुघलांच्या बाजूचा इतिहासकार. शिवाजी महाराजांविषयी त्याने कठोर शब्द वापरले आहेत. पण मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना हात लावू नये असा महाराजांचा नियम होता आणि कुराणाची प्रत हाती आल्यास ती आदराने मुसलमान अनुयायाकडे दिली जाई, हेही त्यानेच लिहून ठेवले. महाराजांचे थोरपण यात आहेच. शत्रूचा चांगुलपणाही लिहिला पाहिजे हे खाफीखानाला समजले, याकडेही लक्ष द्यावे असे आम्ही मुलांना सांगतो.

आज आडनाव ऐकताच शहरातली भाड्याची खोली 'कालच गेली' असे होते. हा अनुभव आमच्यापैकी अनेकांचा आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण आमच्या मोहल्ल्यातही दुसऱ्या मसलकच्या माणसामागे नमाज होत नाही, असे म्हणणारे आहेत. बिरादरीबाहेर मुलगी देताना आमचेही चेहरे बदलतात. इतरांकडून जी रवादारी आम्ही मागतो, ती आधी आमच्या गल्लीत दिसायला हवी. तरच आमच्या मागणीला वजन येईल. विजापूरच्या सुलतानाने रयतेची भाषा दफ्तरात बसवली आणि मालोजींनी पीराचे नाव आपल्या मुलाला दिले. आमच्या हाती दफ्तर नाही, जहागीर नाही. खोली कोणाला द्यायची, मुलाला कोणाच्या घरी खेळायला पाठवायचे आणि वर्गात कोणता धडा सांगायचा, एवढे मात्र आजही आमच्याच हाती आहे.