भोपळा, बाहुली आणि पडदा : शिकवणाऱ्यांच्या शिक्षणाचा इतिहास

१/ इ.स. १८८६. फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळवलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीकक्षावर नेमणूक झाली. परंतु रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे २१. सातासमुद्रापार मिळवलेली ती विद्या पुढच्या हातांत पोहोचलीच नाही.

२/ आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंचे प्राचीन प्रसूतिशास्त्र. त्याच प्राचीन वैद्यकपरंपरेतील सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाचा नववा अध्याय 'योग्या' म्हणजे सरावासाठी राखलेला आहे. छेद घ्यायला कोहळा, दुध्या, कलिंगड. टाके घालायला कापडाच्या कडा. पट्टी बांधायला माणसाच्या आकाराचा पुतळा. हेतू स्पष्ट होता : शिकाऊ हाताची चूक रुग्णाच्या देहावर होऊ नये.

३/ अठराव्या शतकात फ्रान्समधील सुईण मादाम द्यु कुद्रे यांनी कापड व चामड्याचे प्रसूतीचे प्रतिरूप तयार केले. १७५९ मध्ये राजा पंधराव्या लुईने त्यांना देशभर फिरून शिकवण्याची सनद दिली.

४/ त्यांचे खरे द्रष्टेपण मात्र पुढे दिसते. आपण गावोगाव कायम राहू शकणार नाही, हे जाणून त्यांनी स्थानिक शल्यवैद्यांनाही त्या प्रतिरूपावर शिकवण्याची रीत शिकवली. बाई पुढच्या गावी गेल्या, तरी वर्ग चालू राहिले.

५/ आज बाहुलीच्या जागी संगणकाच्या पडद्यावरील आभासी रुग्ण आला आहे. तो बिघडत जातो, निर्णय मागतो. पण निर्णय का चुकला, हे उलगडते प्रसंगानंतरच्या चर्चेत. ती चर्चा घडवणे ही वेगळी विद्या आहे : आधी विद्यार्थ्याला निर्भय करणे, मध्येच उत्तर न सांगणे, दोष न देता प्रश्न विचारणे. उत्तम डॉक्टरालाही ती मुद्दाम शिकावी लागते.

६/ २०१९ मध्ये भारतात एमबीबीएसचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. कौशल्य प्रयोगशाळा अनिवार्य झाली आणि अध्यापकांसाठीही प्रशिक्षणवर्ग भरले.

७/ आनंदीबाईंची वाट पाहणारे ते रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे कोल्हापूरकरांचे 'सीपीआर', म्हणून ओळखले जाते. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी तेथे शिकतात. एका व्यक्तीच्या जाण्याने विद्या थांबते, हे या वास्तूने १८८७ मध्ये अनुभवले. शिकवणारे घडवत राहणे, हाच त्यावरचा उपाय आहे.

(समाप्त)