सेंद्रिय शेतीचे अनुदान : हेक्टरी ३१,५०० रुपये, पण खात्यात येतात किती?

सेंद्रिय शेती केली की सरकार हेक्टरी ३१,५०० रुपये देतं, अशी चर्चा सध्या पारावर ऐकायला मिळते. आकडा खरा आहे. पण ही सगळी रक्कम शेतकऱ्याच्या हातात पडत नाही. गटात नाव देण्याआधी हिशोब नीट समजून घ्या.

परंपरागत कृषी विकास योजना
केंद्राची ही योजना २०१५ पासून सुरू आहे. रासायनिक खतं-औषधं बंद करून जमीन, पाणी जपणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाला तीन वर्षं मदत मिळते. ३१,५०० रुपये हे एका हेक्टरचे तीन वर्षांचे मिळून आहेत. त्यांची वाटणी अशी :
• निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात : १५,००० रुपये
• प्रशिक्षण : ९,००० रुपये
• पॅकिंग, ब्रँडिंग, विक्री : ४,५०० रुपये
• प्रमाणपत्र आणि माल तपासणी : ३,००० रुपये
म्हणजे आपल्या खात्यात एकरी वर्षाला साधारण २,००० रुपये येतात. एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २ हेक्टरपर्यंत लाभ मिळतो.

नैसर्गिक शेती अभियान
राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. यात एकरी वर्षाला ४,००० रुपये, तेही दोन वर्षं, आणि मर्यादा एका एकराची. म्हणजे एका शेतकऱ्याला दोन वर्षांत जास्तीत जास्त ८,००० रुपये. एक गट ५० हेक्टरचा आणि १२५ शेतकऱ्यांचा असतो. मार्गदर्शनाला गटामागे दोन कृषी सखी असतात.

मग परवडतं का?
मी एका एकरात रासायनिक खत बंद केलं तेव्हा पहिल्या वर्षी सोयाबीनचा उतारा घटला. घरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. सरकारचे पैसे आहेत ते या बदलाच्या काळाला थोडा टेकू म्हणून. घट पूर्ण भरून निघेल असं धरून चालू नका. घरी जनावर असेल, शेण-गोमूत्र मिळत असेल, तर जिवामृत, दशपर्णी अर्क घरीच होतो आणि खर्च वाचतो. सगळंच विकत आणावं लागलं तर गणित बिघडतं. म्हणून सगळी जमीन एकदम घालू नका, अर्ध्या-एक एकरापासून सुरुवात करा.

प्रमाणपत्र एकमेकांच्या भरवशावर
पीजीएस पद्धतीत गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. बदलाच्या काळात 'पीजीएस ग्रीन' आणि तो काळ पूर्ण झाल्यावर 'पीजीएस ऑरगॅनिक' असा दर्जा मिळतो. गटात एकाने गुपचूप तणनाशक मारलं, तर बाकीच्यांच्या मेहनतीवरही पाणी पडू शकतं. त्यामुळे माणसं पारखून गट करा. शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने आपल्याकडे येते, तेव्हा बांधाच्या कडेला पट्टा सोडा किंवा गिरीपुष्पासारखी झाडं लावा.

कागदपत्रं आणि नोंदी
सातबारा, आठ-अ, आधार जोडलेलं बँक खातं आणि फार्मर आयडी तयार ठेवा. चौकशी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या कृषी सहायकांकडे करा. तुमच्या तालुक्यात गट मंजूर आहे का, हे आधी विचारा. गट नसेल तर एकट्याने अर्ज करून उपयोग नाही.

एक वही घाला. कोणत्या तारखेला काय टाकलं, काय फवारलं, बियाणं कुठून आणलं, माल किती निघाला, सगळं लिहा. तपासणीच्या वेळी तोंडी सांगितलेलं चालत नाही. पहिला हप्ता मिळाला की गट सोडणारेही असतात. पण चांगला भाव मागायचा तर प्रमाणपत्र हातात लागतं, आणि ते मधेच सोडणाऱ्याला मिळत नाही. तीन वर्षं टिकायची तयारी असेल, तरच नाव द्या.