शनिवारचे श्रोते

जिल्ह्याच्या ठिकाणी अभियंत्यांच्या एखाद्या संस्थेत संध्याकाळचे व्याख्यान असते. विषय पुलाच्या पायाचा असतो, बॉयलरच्या सुरक्षिततेचा असतो, किंवा एखाद्या नव्या मिश्रधातूचा. श्रोत्यांत बांधकाम खात्यातले उपअभियंते, कारखान्यातले पर्यवेक्षक, पॉलिटेक्निकमधले शिक्षक आणि मागच्या रांगेत चार-दोन विद्यार्थी. दिवसभराचे काम आटोपून ही माणसे येतात, तास-दीड तास ऐकतात, आणि खरे प्रश्न मात्र बाहेर चहाचा पेला हातात आल्यावर विचारतात. अशा व्याख्यानांना आम्ही श्रोते म्हणून जातो आणि कधी व्याख्याते म्हणूनही. हा प्रकार आता इतका अंगवळणी पडला आहे, की तो केव्हा तरी प्रथम सुरू झाला असेल हे ध्यानातही येत नाही. त्याच्या अनेक उगमांपैकी एक स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात आहे, आणि तो शिक्षकांनी मुद्दाम पाहावा असा आहे.

अठराव्या शतकाच्या मध्याला ग्लासगो विद्यापीठात जॉन अँडरसन नावाचे एक प्राध्यापक होते. आधी ते पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक झाले आणि १७५७ पासून निसर्गविज्ञानाचे, म्हणजे आजच्या भाषेत भौतिकशास्त्राचे. वर्गात स्फोटांचे प्रयोग करण्याची त्यांना भारी हौस होती. विद्यार्थ्यांनी त्यांना 'फॉस्फरस' या शब्दावरून एक टोपणनावही ठेवले होते. नेहमीच्या वर्गाखेरीज ते आणखी एक वर्ग घेत. विद्यापीठाचे विद्यार्थी झगा घालून येत. या दुसऱ्या वर्गाला झग्याची अट नव्हती. गावातले व्यापारी, यंत्रे जुळवणारे, कारागीर कामाच्या कपड्यांतच येऊन बसत. गणिती सिद्धता कमी आणि प्रयोग जास्त, असा हा वर्ग होता. अँडरसन स्वतःही गावातल्या कारखान्यांतून हिंडत आणि तिथे काय चालले आहे ते पाहत.

त्यांच्या प्रयोगसाहित्यात न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती होती. ती नीट चालत नसे. लंडनच्या कारागिराकडे पाठवूनही उपयोग झाला नव्हता. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ती विद्यापीठातच उपकरणे बनवणाऱ्या जेम्स वॉटकडे दुरुस्तीला आली. वॉटने ती चालू केली, पण चार-सहा फेरे होताच तिची वाफ संपे. प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर वाफेने तापवायचा आणि लगेच थंड पाण्याने निववायचा, यात बहुतेक वाफ वाया जाते हे त्याच्या ध्यानात आले. प्रतिकृती लहान असल्यामुळे आकारमानाच्या मानाने तिच्या सिलिंडरचा पृष्ठभाग जास्त, म्हणून हा दोष तिच्यात अधिकच ठळक दिसत होता. १७६५ मध्ये वॉटला वेगळ्या कंडेन्सरची, म्हणजे संघनकाची कल्पना सुचली. ही गोष्ट आपण वर्गात सांगतो, पण एक तपशील बहुधा गाळतो: ती प्रतिकृती प्राध्यापकाच्या टेबलावर होती आणि तिच्यातला प्रश्न दिसला तो दुरुस्ती करणाऱ्याला.

अँडरसन जानेवारी १७९६ मध्ये वारले. सहकाऱ्यांशी त्यांचे वर्षानुवर्षे भांडण होते आणि मृत्युपत्रात ते पुरेपूर उतरले आहे. आपली मालमत्ता, ग्रंथसंग्रह आणि उपकरणे वापरून शहरात एक नवी संस्था काढावी, आणि जुन्या विद्यापीठाच्या लोकांचा तिच्या कारभारात हात नसावा, असे त्यांनी लिहून ठेवले. मनसुबा मोठा होता आणि पैसा बेताचा. तरीही त्याच वर्षी अँडरसन्स इन्स्टिट्यूशन स्थापन झाली. तिचे पहिले प्राध्यापक टॉमस गार्नेट यांच्या व्याख्यानांना मोठी गर्दी झाली, आणि तिच्यात जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या. विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद असतानाची ही गोष्ट आहे. १७९९ मध्ये गार्नेट लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गेले आणि त्यांच्या जागी जॉर्ज बर्कबेक हा वैद्यकाची पदवी नुकतीच घेतलेला तरुण आला. त्याचे वय तेव्हा तेवीस होते.

बर्कबेकला शिकवण्यासाठी उपकरणे हवी होती आणि ती गावातल्या कारागिरांकडून करून घ्यावी लागत. सेंट्रिफ्यूगल पंपाची, म्हणजे केंद्रोत्सारी पंपाची एक प्रतिकृती त्याने पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराकडे करायला दिली होती. काम पाहायला तो त्या तळघरातल्या कारखान्यात गेला, तेव्हा कामगार प्रतिकृतीभोवती जमले आणि विचारू लागले, हे नेमके काय आहे, आणि याने पाणी वर का चढते?

प्रश्न साधा नाही. आपल्या वर्गात तो दाखवायचा तर शीतपेयाची एक नळी घ्यावी. तिच्या मध्यातून एक बारीक काडी आरपार घालावी. मध्यापासून दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटरवर नळीला वरच्या बाजूने अर्धवट छेद द्यावेत. मग दोन्ही बाजू खाली वाकवून त्यांची टोके काडीला चिकटवावीत. टोकांची तोंडे उघडी राहिली पाहिजेत. हा त्रिकोण खालच्या टोकावर पाण्यात बुडवून, ताक घुसळावे तशी काडी दोन्ही तळहातांमध्ये फिरवली, की वरच्या छेदांतून पाण्याचे फवारे उडतात. फिरणारे पाणी अक्षापासून दूर जाऊ पाहते आणि तिरप्या नळीत त्याला दूर जायचे तर वर चढावेच लागते. ते छेदातून बाहेर पडले की खालून दुसरे पाणी आत येते. किती उंच चढेल याचा हिशेब दहावीच्या मुलाला जमण्यासारखा आहे: छेदाच्या वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट. सेकंदाला ५ फेरे असतील तर तीन सेंटिमीटर त्रिज्येवर वेग सेकंदाला सुमारे ०.९४ मीटर होतो, आणि चढण साडेचार सेंटिमीटरची. फेरे दुप्पट केले तर उंची चौपट, म्हणजे अठरा सेंटिमीटर. शेतातल्या विहिरीवरचा विजेचा पंप याच जातीचा आहे.

ज्या हातांनी पंप घडवला त्यांना त्याचे तत्त्व कोणी सांगितले नव्हते, आणि ते कळावे अशी त्यांची इच्छा मात्र उघड दिसत होती. बर्कबेकने संस्थेच्या विश्वस्तांपुढे कारागिरांसाठी वेगळ्या वर्गाचा प्रस्ताव ठेवला. उत्तर मिळाले ते आपल्यापैकी पुष्कळांनी वेगवेगळ्या तोंडून ऐकले असेल. बोलावले तर हे लोक येणार नाहीत, आले तर लक्ष देणार नाहीत, आणि लक्ष दिले तरी त्यांना कळणार नाही! तरीही १८०० च्या शरद ऋतूत वर्ग सुरू झाला. वेळ शनिवार संध्याकाळची, कारण दुसऱ्या दिवशी रविवारची सुट्टी. शुल्क नव्हते. पहिल्या व्याख्यानाला ७५ जण आले, दुसऱ्याला २००, तिसऱ्याला ३०० आणि चौथ्याला ५००. ज्याने ऐकले त्याने आपल्या शेजाऱ्याला आणले, याखेरीज या आकड्यांचा दुसरा अर्थ लावता येत नाही.

१८०४ मध्ये बर्कबेक ग्लासगो सोडून गेला आणि पुढे लंडनला वैद्यकी करू लागला. वर्ग अँड्र्यू उर या रसायनशास्त्रज्ञाने चालवला. कारागिरांसाठी ग्रंथसंग्रह उभा राहिला. या काळाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. मात्र वीस वर्षांत एक गोष्ट घडून गेली होती: श्रोत्यांना हा वर्ग आपला वाटू लागला होता. ग्रंथसंग्रह आणि उपकरणे यांच्यावर ताबा कोणाचा, यावरून संस्थेशी वाद झाला आणि १८२३ मध्ये कारागीर बाहेर पडले. त्यांनी स्वतःची ग्लासगो मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन काढली आणि आश्रयदाता म्हणून बर्कबेकलाच बोलावले. इतिहासाची पुस्तके १८०० च्या वर्गाचा गौरव करतात. आमच्या मते १८२३ ची फूट अधिक महत्त्वाची आहे. शिक्षण मिळण्यापलीकडे जाऊन ते कोणी, कसे, कशासाठी द्यावे हे ठरवण्याचा हक्क तिथे मागितला गेला.

ही बातमी लंडनला पोचली. 'मेकॅनिक्स मॅगझिन' हे कारागिरांचे साप्ताहिक तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. त्याच्या संपादकांनी, जोसेफ रॉबर्टसन आणि टॉमस हॉजस्किन यांनी, लंडनमध्येही अशी संस्था हवी असे लिहिले. ११ नोव्हेंबर १८२३ ला स्ट्रँडवरच्या एका खानावळीच्या दिवाणखान्यात सभा भरली, सुमारे दोन हजार माणसे आली आणि लंडन मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनचा ठराव झाला. अध्यक्ष बर्कबेक. कार्यकारिणीत दोन-तृतीयांश माणसे कामगारच असावीत असा नियम होता. वाद तिथेही झाला, तो पैशांचा. हॉजस्किनचे म्हणणे, धनिकांच्या देणग्या घेऊ नयेत, कारण जो पैसा देतो तोच अभ्यासक्रम ठरवतो. शेवटी देणग्या घेतल्या गेल्या. व्याख्यानगृह बांधायला बर्कबेकने स्वतःचे पैसे उसने दिले. १८३० मध्ये स्त्रियांनाही प्रवेश मिळाला. लंडन विद्यापीठाचे आजचे बर्कबेक महाविद्यालय ते हेच, आणि त्याचे वर्ग प्रामुख्याने संध्याकाळी भरत आले आहेत.

पुढच्या पंचवीस वर्षांत ब्रिटनमध्ये अशा सहाशेहून अधिक संस्था झाल्या. मँचेस्टरची १८२४ मध्ये निघाली; तिच्या संस्थापकांत जॉन डाल्टन होते. पण याच काळात तक्रारही सुरू झाली, की सभागृहात कारागीर कमी आणि कारकून-दुकानदार जास्त दिसतात. कारणे शोधायला लांब जायला नको. बारा-बारा तास राबलेल्या माणसाला बाकावर बसताच झोप येते. वर्षाची वर्गणीही मजुरीच्या मानाने जड होती. त्याहून मोठी अडचण अशी, की अपूर्णांक न येणाऱ्याला यंत्रशास्त्राचे व्याख्यान ऐकून आनंद होतो, पण हाती काही लागत नाही. एका आठवड्याला खगोल, दुसऱ्याला वीज, तिसऱ्याला प्रवासवर्णन, अशी खिरापत वाटली की श्रोता करमणुकीपुरता उरतो. ज्या संस्थांनी व्याख्यानांच्या जोडीला अंकगणित, भूमिती आणि यंत्ररेखन यांचे नियमित वर्ग घेतले त्या टिकल्या. एडिंबरोची १८२१ मधली स्कूल ऑफ आर्ट्स आज हेरियट-वॉट विद्यापीठ आहे, आणि अँडरसनची मूळ संस्था १९६४ पासून स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ.

नियमित वर्गाने काय साधते याचे उदाहरण अँडरसनच्याच संस्थेत आहे. जेम्स यंग हा ग्लासगोच्या सुताराचा मुलगा. दिवसा वडिलांच्या हाताखाली काम करायचा आणि १८३० च्या सुमारास संध्याकाळी टॉमस ग्रॅहम यांच्या रसायनशास्त्राच्या वर्गाला बसायचा. हेच ग्रॅहम वायूंच्या विसरणाच्या नियमामुळे आपल्याला ठाऊक आहेत. ग्रॅहमनी यंगला मदतनीस म्हणून घेतले. १८५० मध्ये त्याने दगडी कोळशापासून पॅराफिन तेल आणि मेण काढण्याचे पेटंट मिळवले, त्यातून श्रीमंत झाला, आणि पुढे आपल्या जुन्या संस्थेत उपयोजित रसायनशास्त्राचे अध्यापकपद चालवायला पैसे दिले.

ही लाट मुंबईलाही पोचली होती. १८४७ मध्ये टाकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या तरुण मेकॅनिक आणि फोरमन मंडळींनी बॉम्बे मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन काढली. यंत्रांच्या प्रतिकृतींचे संग्रहालय आणि ग्रंथालय असा त्यांचा बेत होता. पुढे ससून घराण्याची देणगी मिळाली, संस्थेचे नाव ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट झाले आणि १८७० मध्ये काळा घोडा भागात तिची देखणी दगडी इमारत उभी राहिली. तिथेही गिरणी-गोदीतला कारागीर मागे पडला आणि वाचक उरले. आज आपण तिला डेव्हिड ससून ग्रंथालय म्हणतो.

त्याच सुमारास, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टन संस्थेतल्या मंडळींनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली होती. दादाभाई नौरोजी त्यात पुढे होते. तिच्या ज्ञानप्रसारक शाखांमधून सामान्य लोकांसाठी मराठीत आणि गुजरातीत व्याख्याने होऊ लागली, आणि त्यांत विज्ञानाचे विषयही असत. त्यांच्यापुढे ग्लासगोच्या बर्कबेकला कधी न पडलेले एक काम होते: व्याख्यान देण्याआधी त्यासाठी लागणारे शब्दच मराठीत तयार करणे.